सेवारोध : नाकेबंदीपासून आभासी यंत्रापर्यंत



या शाळेच्या स्मृतिव्याख्यानात बोलण्याचा मान मला दिला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांना प्रथम वंदन करतो. इतिहासावर बोलावे, अशी चालकांची सूचना होती. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक इतिहासावर बोलणार म्हटल्यावर आपण एखाद्या बखरीची किंवा शिलालेखाची अपेक्षा केली असेल. आजचा विषय मात्र संगणकाच्या इतिहासातील आहे. एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालविणारी जी आज्ञावली असते, तिच्यातील दोषामुळे सर्वांचीच सेवा कशी बंद पडू शकते, हा तो विषय होय.

मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही. शब्दांच्या वाटेने इतिहासाकडे जाणे एवढेच माझे आयुष्यभराचे काम. परंतु पेन्शनसाठी बँकेत, उताऱ्यासाठी कार्यालयात आणि शिध्यासाठी रास्त भावाच्या दुकानात गेलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आता पाठ झाले आहे. जे वाक्य इतक्या लोकांच्या वाट्याला येते, त्याचा इतिहास तपासणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम राहत नाही. या प्रकारच्या आघाताला मी ‘सेवारोध’ असे नाव देतो. चोरी नाही, मोडतोडही नाही. ज्याचा हक्क आहे त्याला त्याच्या वस्तूपर्यंत पोहोचू न देणे, एवढेच यात घडते. आणि एवढ्यानेच फार मोठे नुकसान होते.

नाकेबंदी, धरणे आणि रास्ता रोको

कल्पना जुनी आहे. मराठी भाषेत तिच्यासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. नाकेबंदी, वेढा, रसद तोडणे, पाणी तोडणे, वाट अडविणे हे सारे एकाच कुळातले शब्द. पानिपतचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १७६० च्या नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही फौजा समोरासमोर होत्या आणि निर्णायक युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. मधल्या अडीच महिन्यांत अब्दालीने मराठ्यांची रसद तोडली. शत्रूची रसद मारण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि उपासमारीने खंगलेली फौज अखेर रणांगणात उतरली. तलवारीने जे केले त्याच्या आधी उपासाने बरेच काही करून ठेवले होते. शत्रूच्या छावणीतील एक दाणाही न लुटता तिला दुबळे करता येते, हा सेवारोधाचा पहिला धडा.

दुसरा शब्द ‘धरणे’. आज आपण तो आंदोलनाच्या अर्थाने वापरतो. पूर्वी ते वसुलीचे हत्यार होते. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे. तो बसला आहे तोवर घरातल्या माणसाने जेवू नये, बाहेर पडू नये, अशी लोकरीत. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरून बसत. घराला कुलूप नाही, भिंतीला भोक नाही. तरी घर बंद. इंग्रजांना हा प्रकार इतका जाचक वाटला की बंगाल प्रांतात १८२० च्या कायद्याने त्याला मनाई झाली, आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्ये ‘धरणे’ हा आपला शब्द उदाहरणादाखल जसाच्या तसा घातला गेला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा नव्या न्याय संहितेने घेतली. तोवर दीडशेहून अधिक वर्षे तो शब्द कायद्यात बसून होता.

तिसरा शब्द आपल्या सीमाभागाच्या रक्ताने लिहिलेला आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ‘रास्ता रोको’ हा शब्द त्या दिवसांत या भागात घरोघर पोहोचला. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले. निपाणीचे स्मरण येथे मुद्दाम करतो, कारण रोखणे आणि रोखणे यांत फरक आहे. महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्याचा चेहरा दिसत होता, मागणी उघड होती, आणि परिणाम तो स्वतःच्या देहावर घेत होता. आज ज्या सेवारोधाविषयी बोलतो आहे त्यात रोखणारा दिसत नाही, त्याची मागणी पुष्कळदा खंडणीची असते, आणि परिणाम भोगणारा माणूस त्या भांडणात पक्षही नसतो. दोघांना एकाच तराजूत घालणे हा निपाणीच्या त्या बारा जणांवर अन्याय होईल.

यंत्राच्या पोटातील यंत्र

आता यंत्राकडे वळू. आरंभी संगणक इतका महाग होता की तो वाटून घेण्याखेरीज गत्यंतर नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्या एका यंत्रावर आपापली गणिते आळीपाळीने करून घेत. पाळी हा शब्द आपल्या परिसरातील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सामाईक विहिरीत चार भावांचे हिस्से असतात. कोणाची पाळी कधी, किती वेळ, हे ठरलेले असते. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाण्याची वाटणी पाटकऱ्याच्या हाती असे. पाटकऱ्याचा शब्द चालतो तोवर सर्वांची पिके जगतात.

अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्राने या वाटणीला निराळे वळण दिले. एका यंत्रावर पाळ्या लावण्याऐवजी प्रत्येकाला ‘हे संपूर्ण यंत्र माझेच आहे’ असा भास करून दिला तर? १९६७ मध्ये सीपी-४० ही अशी पहिली व्यवस्था चालू झाली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ती बाजारात जाहीर केली. आज तिला आभासी यंत्र म्हणतात. खरे यंत्र ते यजमान, त्याच्या पोटात चालणारी आभासी यंत्रे ते पाहुणे, आणि दोघांमध्ये उभी असलेली आज्ञावली म्हणजे नियंत्रक. तिला तंत्रज्ञ हायपरवायझर म्हणतात. यजमान आणि पाहुणे हे शब्द मी अलंकारासाठी घातलेले नाहीत. तंत्रज्ञांच्या इंग्रजीतही हीच जोडी रूढ आहे.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका निबंधात नियंत्रकाच्या तीन अटी सांगितल्या. पाहुण्याला आपण खऱ्या यंत्रावरच आहोत असे वाटले पाहिजे. त्याच्या बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय वेगाने पार पडल्या पाहिजेत. आणि साधनसामग्रीवरचा ताबा कायम नियंत्रकाकडेच राहिला पाहिजे. पाटकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाटाचे दार कोणाही शेतकऱ्याच्या हाती जाता कामा नये. आजच्या विषयाचे सारे मर्म या तिसऱ्या अटीत आहे. ती मोडली की सेवारोध झालाच.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि टेबलावरच्या साध्या संगणकातही आभासी यंत्रे चालू लागली. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन हा नियंत्रक प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फाब्रिस बेलार या फ्रेंच तंत्रज्ञाने क्यूएमू ही आज्ञावली दिली. २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने झेनच्या आधारे यंत्रे ताशी भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम हा नियंत्रक आला. बँका, शासकीय कार्यालये, वृत्तपत्रे, रुग्णालये या सर्वांनी आपापले स्वतंत्र बंगले सोडून जणू एका प्रचंड वाड्यात बिऱ्हाडे थाटली. भाडे कमी, देखभाल दुसऱ्याची, जागा हवी तेवढी. फायदा निर्विवाद होता. पण वाड्याचा दिंडी दरवाजा एक आणि विहीरही एक, ही गोष्ट बिऱ्हाडकरूंच्या लक्षात राहत नाही.

दारावरची गर्दी

सेवारोधाचे दोन प्रकार ध्यानात ठेवावे लागतात. एक दारावरच्या गर्दीचा, दुसरा घरातल्या दोषाचा. गर्दीचा प्रकार जास्त प्रसिद्ध आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली स्वतःच्या नकला करीत संगणकांमागून संगणकांत शिरली. तिने काही पुसले नाही, काही चोरले नाही. नकलाच इतक्या झाल्या की यंत्रांना दुसरे काम करण्यास उसंत उरली नाही. त्या काळच्या इंटरनेटवरील सुमारे सहा हजार यंत्रे ठप्प झाल्याचा अंदाज वर्तविला गेला. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर निराळी युक्ती वापरली गेली. दार ठोठवायचे, आतल्याने ‘या’ म्हणून पाट मांडायचा, आणि ठोठावणाऱ्याने यायचेच नाही. असे हजारो पाट मांडून झाले की खऱ्या पाहुण्याला बसायला जागा उरत नाही. २००७ च्या एप्रिल-मे महिन्यांत एस्टोनिया या छोट्या देशातील बँका, वृत्तपत्रे आणि शासकीय कार्यालये यांची संकेतस्थळे अशाच गर्दीने काही आठवडे पुनःपुन्हा बंद पडत राहिली. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांवर असाच मारा झाला, आणि महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांना त्याची दखल घ्यावी लागली.

प्रत्येक गर्दी मात्र हल्ला नसते. जून २०२३ मध्ये कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेची नोंदणी उघडली तेव्हा ‘सेवा सिंधू’ची व्यवस्था पहिल्याच दिवशी कोलमडली. तेथे आलेले लोक हक्काचे होते, घाई हक्काची होती. दार अरुंद होते. खिडकीसमोर ताटकळणाऱ्याला मात्र या दोहोंतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी सेवा बंद ती बंद.

२०१५ : विसरलेली खोली आणि न संपणारी तक्रार

दुसरा प्रकार घरातल्या दोषाचा. याला हजारोंची गर्दी लागत नाही. आतला एक पाहुणाच पुरतो. आभासी यंत्रांच्या इतिहासात २०१५ हे वर्ष यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एका वर्षात दोन दोष उघडकीस आले आणि दोन्ही बोधप्रद आहेत.

पहिला १३ मे २०१५ रोजी जाहीर झाला. जेसन गेफ्नर या संशोधकाने शोधलेल्या या दोषाला ‘व्हेनम’, म्हणजे विष, असे नाव मिळाले. दोष होता फ्लॉपीच्या खात्यात. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी १९९०-९५ च्या सुमारास शाळा सोडली त्यांना फ्लॉपी आठवत असेल. त्या काळी संगणकावर जुळविलेली पुस्तके तिच्यातूनच छापखान्यात जात. २०१५ पर्यंत फ्लॉपी व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली होती. तरीही खऱ्या यंत्राचा भास पुरा व्हावा म्हणून आभासी यंत्रात एक आभासी फ्लॉपीयंत्र ठेवलेले असे. पाहुण्याने पाठविलेल्या आज्ञा साठवायला त्यात ५१२ बाइटांचे एक लहानसे पात्र होते. आज्ञा पुरी झाली की पात्र रिकामे धरून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू व्हावी, असा नियम. दोन आज्ञांच्या बाबतीत हा नियम नीट पाळला जात नव्हता. पाहुणा ओतत राहिला की पात्र भरून वाहू लागे, आणि वाहिलेले पाणी शेजारच्या स्मृतीत शिरे. कमीत कमी परिणाम हा की ते आभासी यंत्र कोसळावे. अधिक वाईट परिणाम हा की पाहुण्याने भिंत ओलांडून यजमानाच्या घरात, आणि तेथून शेजाऱ्यांच्या बिऱ्हाडात पाऊल टाकावे.

विशेष असे की हा दोष २००४ पासून तेथे होता. अकरा वर्षे कोणी त्या खोलीत डोकावले नव्हते. क्यूएमूमधील हे खाते झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स यांनी उसने घेतले होते, म्हणून दोषही त्यांच्या घरी गेला. त्यातही झेन आणि क्यूएमूमध्ये, फ्लॉपीयंत्र नको म्हणून बंद केले तरी आणखी एका चुकीमुळे आतले खाते चालूच राही. आपल्या जुन्या वाड्यांत बाळंतिणीची एक खोली असे. घरात पुढे बाळंतपणे होईनाशी झाली, खोलीला कुलूप लागले, आणि तिच्या मागच्या भिंतीला खिंडार आहे हे कोणाला कळलेच नाही; तसा हा प्रकार. मात्र या वाड्यात हजारोंची बिऱ्हाडे होती.

दुसरा दोष त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उघड झाला, आणि तो निव्वळ सेवारोधाचा होता. एखादी आज्ञावली नियमाबाहेरचे काही करू लागली की संगणकाचा प्रक्रियक काम थांबवून एक ‘अपवाद’ नोंदवितो. ही नोंद स्मृतीतील ठरावीक जागी लिहावी लागते. आता अशी कल्पना करा की पाहुण्याने ती जागाच मुद्दाम नियमबाह्य पद्धतीने मांडून ठेवली आहे. पहिला अपवाद नोंदविताना दुसरा अपवाद घडतो. तो नोंदवू जावे तर तिसरा. कचेरीतील कारकुनाने तक्रार वहीत लिहावी, त्या लिहिण्याविषयीच नवी तक्रार यावी, ती लिहू जावे तर आणखी एक यावी, असे ते चक्र. कारकून मान वर करीत नाही आणि साहेबाच्या हाकेला ‘ओ’ देत नाही. प्रक्रियक या चक्रात अडकला की नियंत्रकाच्या हाती परत येतच नाही. एका पाहुण्याने यजमानाचा प्रक्रियक गिळून टाकला की बाकीचे सारे पाहुणे उपाशी. पोपेक-गोल्डबर्ग यांची तिसरी अट येथे उघडउघड मोडली. हा दोष केव्हीएम, झेन, व्हर्च्युअलबॉक्स आणि मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही या सर्वांना लागू होता. उपाय साधा निघाला. असे अपवाद प्रक्रियकाला परस्पर हाताळू न देता नियंत्रकाने आधीच मध्ये पडावे, एवढी तजवीज करण्यात आली.

या दोन्ही प्रसंगांतील एक गोष्ट आदराने नोंदवावीशी वाटते. दोष शोधणाऱ्यांनी त्यांचा बाजार मांडला नाही. त्यांनी प्रथम आज्ञावली बनविणाऱ्यांना कळविले, दुरुस्त्या तयार झाल्या, आणि मग जाहीर घोषणा झाली. गावाच्या बंधाऱ्याला भगदाड दिसले तर ते आधी पाटकऱ्याच्या कानावर घालावे आणि मग चावडीवर बोलावे, हीच ती रीत. जगातील असंख्य लोकांची सेवा त्या दिवशी चालू राहिली ती अशा सचोटीमुळे. त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

दुरुस्ती तयार होणे आणि ती घरोघर पोहोचणे यांत मात्र अंतर असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या नियंत्रकावर खंडणीखोरांनी जगभर घाला घातला आणि हजारो यजमान यंत्रे कुलूपबंद केली. ज्या दोषातून ते शिरले त्याची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच निघाली होती. दोन वर्षे औषध कपाटात होते आणि रोगी दाराशी तळमळत होता.

आपल्या दारापर्यंत

हे सारे परदेशातले, असे म्हणून सुटका नाही. पुढील तीन प्रसंग आभासी यंत्रातील दोषाने घडलेले नाहीत, हे आधीच स्पष्ट करतो. परंतु अनेकांची सेवा एकाच खुंटीला टांगली की काय होते, हे त्यांतून कळते.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक आज्ञावलीने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले. तिच्याच समूहाकडून चालविले जाणारे न्हावा-शेवा बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. कंटेनर कोणाचा, कोठे जायचा, हे सांगणारे यंत्रच मुके झाल्यावर उरणच्या किनाऱ्यावर मालाच्या गाड्या खोळंबल्या. मर्स्कला पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या साऱ्या जाळ्याची ओळखसूची ज्या यंत्रांवर होती ती सर्व बाधित झाली. घाना देशातील एक तेवढे वाचले, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! ज्या वीज जाण्याला आपण शिव्या देतो, तिने एका जगद्व्यापी कंपनीचा वंश राखला.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून बंद झाले. येथे शत्रू कोणीच नव्हता; राखणदाराच्या हातूनच दिवा विझला. इतिहासाची गंमत अशी की २०१५ मध्ये फ्लॉपीचा दोष शोधणारे गेफ्नर याच कंपनीत होते. त्या दिवशी आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. लेखणी आणि कागद यांनी त्या दिवशी विमाने उडविली.

तिसरा प्रसंग आपल्याला सर्वांत जवळचा. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या कंपनीच्या व्यवस्थेत खंडणीखोर आज्ञावली शिरली. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून काढलेली ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविते. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयके महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक त्यामुळे पैसे पाठवू वा काढू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ववत झाले. देशाच्या एकूण देयकांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, असे वृत्तसंस्थांनी म्हटले. आकडा खरा असेल. पण ज्या शेतकऱ्याचे एकुलते एक खाते त्यांतल्या एका बँकेत होते, त्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के होते. त्याचे पैसे कोणी चोरले नव्हते. पासबुकात रक्कम जशीच्या तशी होती. फक्त ती त्याला मिळत नव्हती. सेवारोधाची याहून नेमकी व्याख्या मला करता येणार नाही.

कायदा आणि त्यापलीकडे

१८६० च्या कायद्याने धरणे धरणाऱ्याला ओळखले होते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाने संगणकाच्या कामात खंड पाडणे आणि अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारणे यांना स्वतंत्र नावानिशी दोष ठरविले. २००८ च्या दुरुस्तीने, देशाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचविण्याच्या हेतूने असा प्रवेश रोखणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने, अशी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेला कळविणे संस्थांवर बंधनकारक झाले. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु कायदा आघात झाल्यानंतर गुन्हेगाराला शोधतो. विसरलेल्या खोलीचे कुलूप तो उघडून पाहत नाही.

मला या इतिहासातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, विसर हा शत्रूहून घातक असतो. फ्लॉपीचा दोष कोणी द्वेषाने पेरला नव्हता. उपयोग संपलेली वस्तू घरात राहिली, एवढेच कारण. ज्याचा उपयोग संपला ते काढून टाकावे, आणि जे ठेवायचे ते अधूनमधून उघडून पाहावे. दुसरी, वाटून घेण्यात काटकसर आहे, पण वाटून घेणाऱ्यांनी पाटकऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क सोडू नये. आपली पतसंस्था, आपली दूधसंस्था, आपली शाळा ज्या कंपनीच्या यंत्रावर बिऱ्हाड करून आहे, तिला दुरुस्त्या केव्हा केल्या, दुसरी प्रत कोठे ठेवली, असे संचालक मंडळाच्या बैठकीत विचारणारा एक तरी सभासद हवा. त्याला संगणकशास्त्र येण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक व्यवस्थेला एक दुसरी वाट असावी. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेने जमिनीचे हस्तलिखित उतारे जाऊन संगणकीय उतारे आले. तलाठ्याच्या मर्जीतून शेतकरी सुटला, हा मोठाच लाभ झाला आणि मी तो नाकारीत नाही. परंतु जुनी वाट पुसताना, नवी बंद पडली तर त्या दिवसापुरते काय करायचे, हे लिहून ठेवण्याचे पुष्कळ ठिकाणी राहून गेले. अंगठा न जुळल्याने किंवा यंत्र न बोलल्याने एखादी म्हातारी शिधा न घेता परतते, तेव्हा दुकानदारापाशी तिचे नाव वहीत लिहून धान्य देण्याचा अधिकार असला पाहिजे. विमानतळावर हाताने लिहिलेला पास चालतो, तर रास्त भावाच्या दुकानात हाताने लिहिलेली नोंद का चालू नये? विमानाचा प्रवासी आरडाओरडा करू शकतो. म्हातारी उद्या पुन्हा येते. दुसरी वाट कोणासाठी ठेवायची आणि कोणासाठी नाही, हा प्रश्न यंत्राचा नसून आपल्या नीतीचा आहे.

या शाळेचे पुष्कळ विद्यार्थी आज पुणे, बंगळूर आणि त्याहीपलीकडे संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. आपल्यापैकी कोणी कदाचित अशाच एखाद्या वाड्याचे पाटकरी असतील. त्यांना एवढेच सांगणे आहे की तुमच्या पडद्यावर जी एक ओळ तांबडी होते, तिच्या दुसऱ्या टोकाला बँकेच्या पायरीवर बसलेला एखादा माणूस असतो. त्याला तुमचे नाव ठाऊक नाही आणि तुमची भाषाही ठाऊक नाही. तो उद्या पुन्हा येईल, कारण त्याच्यापाशी दुसरा उपाय नाही. तुमच्यापाशी आहे.